चेटकीण आली आणि मुलगी रडत बाहेर गेली

एका आईनं विचारलंय. मुलगी साडेतीन वर्षांची. पहिल्यांदाच बालनाट्याला नेलं, तिकिटं मुद्दाम पुढची काढली, तिसरी रांग. चेटकिणीच्या एन्ट्रीला अंधार झाला, धूर आला, आणि पोर आईच्या मानेला जी चिकटली ती थेट पार्किंगमध्ये येऊन सुटली. त्याला आठवडा झाला, अजून रात्री बाथरूमला एकटी जात नाही. बाबा म्हणतात, तेच नाटक यूट्यूबवर आहे, चारदा दाखवू, भीती मोडेल. आजी म्हणते, एवढ्याशा पोराला नेलंतच कशाला. आईला कळत नाहीये की पुन्हा न्यावं का, केव्हा न्यावं, आणि आत्ता काय करावं.

आधी सांगून टाकते, मी त्या बाजूची माणूस आहे. बालनाट्यात तीस वर्षं झाली, त्यातली अकरा चेटकीण करण्यात गेली. पुढे दिग्दर्शन, मेच्या सुट्टीतली शिबिरं. त्यामुळे तुमच्या मुलीला कोणी घाबरवलं असा प्रश्न असेल तर आमच्यासारख्यांनीच, आणि ठरवून. ते कसं ठरवतो तेही सांगते, कारण ते कळलं की पुढचं निम्मं सोपं होतं.

बाहेर आलात ते बरोबर केलंत. तिकिटाचे पैसे गेले, जाऊ देत. मूल रडत असताना ‘थांब गं, आता गंमत येईल’ म्हणत खुर्चीत दाबून बसवणारे पालक मी स्टेजवरून पाहिलेत. स्टेजवर उजेड असला तरी पहिल्या सातआठ रांगा आम्हाला दिसतात. त्या मुलाला गंमत कधीच येत नाही. ते नाटक बघत नसतं, दार कुठे आहे ते बघत असतं.

आता ती नेमकी कशाला घाबरली ते बघू. सगळे म्हणणार, चेटकिणीला. माझा अनुभव वेगळा आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या जागी बसून बघा. खुर्ची मोठी, उघडमीट होणारी. हलकं मूल बसलं तर ती निम्मी मिटते आणि पाय वर येतात. पुढच्याचं डोकं आडवं. मग तिसरी घंटा होते आणि कोणी न सांगता सगळे दिवे जातात. घरी दिवे गेले तर कोणीतरी ‘अरेच्चा, गेले वाटतं’ म्हणतं, मेणबत्ती शोधतं. इथे पाचशे माणसं अंधारात गप्प बसतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. मुलाच्या दृष्टीनं हे चेटकिणीपेक्षा विचित्र आहे.

त्यावर आमची एन्ट्री. ती अशी बांधतात: ब्लॅकआउट, दोन सेकंद काहीच नाही, मग विजेचा कडकडाट, विंगेतून स्मोक मशीनचा लोट, खालून हिरवा दिवा, आणि माइकवर घुमणारं हसू, जे चेटकीण दिसण्याआधी ऐकू येतं. आवाजाचे मोठे स्पीकर्स स्टेजच्या दोन बाजूंना असतात. तिसऱ्या रांगेत, त्यातही कडेला बसलेल्या मुलाला ते हसू कानात नाही, छातीत ऐकू येतं. आम्ही हे करतो कारण हॉलमध्ये दहा वर्षांची मुलंही असतात आणि त्यांना याशिवाय ‘भारी’ वाटत नाही. एकाच प्रयोगात तीन वर्षांचं आणि दहा वर्षांचं मूल बसवणं हा आमच्या धंद्याचा जुना घोटाळा आहे. तिकीट दोघांचं सारखंच येतं ना.

थोडं मागचं सांगते. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी मुंबईत बालरंगभूमी उभी केली तेव्हापासून मराठी बालनाट्यात राक्षस, चेटकीण, जादू हे ठाण मांडून बसले. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली आणि २०१८ मध्ये ते नाटक पुन्हा आलं तेव्हा वैभव मांगलेंनी. दोन्ही वेळा चेटकीण पुरुषानं केली, हे मुद्दाम सांगतेय. उंच, आडदांड, आवाज जाड, त्यावर लुगडं आणि नखरे. सात वर्षांच्या मुलाला त्यातलं सोंग कळतं आणि ते खदाखदा हसतं. साडेतीन वर्षांच्या मुलाला सोंग कळत नाही, आकार कळतो.

याचा एक सुंदर अभ्यास आहे. सिंथिया हॉफनर आणि जोआन कँटर या दोन अमेरिकन संशोधक बायांनी १९८५ मध्ये एका म्हातारीची गोष्ट चार तऱ्हांनी चित्रित केली. म्हातारी एकदा आजीसारखी गोड दिसणारी, एकदा चेटकिणीसारखी कुरूप. आणि दोन्ही रूपांत एकदा प्रेमळ वागणारी, एकदा दुष्ट. मग मुलांना विचारलं, ही पुढे काय करेल? नऊदहा वर्षांची मुलं तिच्या वागण्यावरून बोलली. तीन ते पाच वर्षांची मुलं मुख्यतः दिसण्यावर गेली. म्हणजे तुमच्या मुलीला तुम्ही ‘अगं ती चेटकीण शेवटी चांगली होते’ असं कितीही सांगा, नाक लांब आहे ना, मग संपलं.

आणखी एक अभ्यास, माणसाचा हिरवा राक्षस होतो त्या हल्कच्या टीव्ही मालिकेवरचा. मोठी मुलं घाबरायची ती गोष्टीतला माणूस संकटात सापडला की. छोटी मुलं घाबरायची तो माणूस बदलून हल्क झाला की. वास्तविक हल्क वाचवायला येतो! पण छोट्यांसाठी धोका संकटात नव्हता, बदलण्यात होता. ओळखीचा चेहरा डोळ्यांदेखत दुसरा होतो, हीच ती भीती. हे वाचण्याच्या बरंच आधी मी स्वतः त्यात तोंडघशी पडले होते.

झालं असं. प्रयोग संपला, नेहमीप्रमाणे मुलं फोटोला स्टेजवर आली. एक तीन वर्षांची चिमुरडी बाबांच्या पायामागे लपलेली. बाबा तिला पुढे ढकलतायत, ‘अगं काही नाही, माणूसच आहे, हात दे.’ मला दया आली. म्हटलं, हिला दाखवूनच टाकू. मी गुडघ्यावर बसले, हसले आणि टोपीसकट डोक्यावरचा पांढरा विग उचलला. माझ्या मते मी तिला सांगत होते की बघ, मी साधी मावशी आहे. तिनं काय पाहिलं? एका बाईनं स्वतःचे केस उपटले आणि आतून दुसरंच डोकं निघालं, जाळीनं आवळलेलं. ती जी किंचाळली ती रंगपटापर्यंत ऐकू गेली. मेकअप करणारे आमचे काका धावत आले, म्हणाले, ‘बाई, कांदा आतून सोलायचा नसतो.’ म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक, पण त्या दिवशी पटलं.

चूक काय झाली? मी शेवटाकडून सुरुवात केली. साध्या बाईची चेटकीण होताना दाखवावी, सावकाश, एकेक वस्तू घालत. चेटकिणीची बाई एका झटक्यात होताना नाही.

हे ज्याला उत्तम कळलं होतं तो माणूस म्हणजे अमेरिकेतले फ्रेड रॉजर्स. १९६८ पासून त्यांचा छोट्यांसाठीचा कार्यक्रम तिथल्या टीव्हीवर देशभर दिसायचा. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या १९३९ च्या सिनेमातल्या हिरव्या चेटकिणीनं तिकडच्या दोनतीन पिढ्यांची झोप उडवली होती. रॉजर्सनी १९७५ मध्ये ती भूमिका करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन यांना बोलावलं. पाहुणी म्हणून, साध्या कपड्यांत. बाई प्रेमळ, सिनेमात येण्याआधी बालवाडीत शिकवायच्या. गप्पा झाल्या. मग रॉजर्सनी चेटकिणीचे कपडे पुढे केले आणि बाईंनी ते एकेक करून अंगावर चढवले. झगा, वरचा काळा अंगरखा, शेवटी टोपी. मग जरासा तो आवाज काढून दाखवला. सगळं उजेडात, घाई नाही. पुढे याच माणसानं हल्कच्या सेटवर जाऊन त्या नटाला हिरवा रंग लावतानाही दाखवलं.

गंमत अशी की याच हॅमिल्टनबाई फेब्रुवारी १९७६ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ या छोट्यांच्या दुसऱ्या टीव्ही कार्यक्रमातही आल्या, पण यावेळी सरळ चेटकीण बनून. पालकांच्या तक्रारींची पत्रं आली आणि तो भाग पुन्हा दाखवलाच नाही. बाई तीच, टोपी तीच, बघणारी मुलं त्याच वयाची. फरक एवढाच की एकीकडे मुलांनी तिला टोपी घालताना पाहिलं होतं.

तर आत्ता घरी काय करायचं, ते इथून सुरू होतं.

‘चेटकीण वगैरे काही नसतं गं’ हे वाक्य बंद करा. खोटं आहे म्हणून नव्हे, कुचकामी आहे म्हणून. इंग्लंडमध्ये पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मुलांना एक रिकामा खोका दाखवला आणि म्हटलं, आता मनात आण की यात एक राक्षस आहे. काहींना गोंडस प्राणी मनात आणायला सांगितलं. विचारलं तर मुलं म्हणायची, खरा नाहीये, आपण नुसतं मनात आणलंय. आणि मग प्रयोग घेणाऱ्या बाई ‘मी जरा बाहेर जाऊन येते’ म्हणाल्या तर राक्षसवाल्या गटातली काही चार वर्षांची मुलं त्यांना जाऊच देईनात. नाही हे ठाऊक असणं आणि भीती वाटणं, दोन्ही एकाच डोक्यात सुखानं नांदतात. रात्री दोन वाजता बाथरूमला जाताना मोठी माणसं तरी काय वेगळं करतात?

त्याऐवजी विचारा, चेटकिणीनं काय घातलं होतं गं? नाक कसं होतं? मग कागदाचं नाक करा. खरोखर करा. तुमच्या नाकाला लावायचं आधी, तिच्या नाही. तिच्यासमोर, दिवसा, आरशापुढे. आमच्या रंगपटात नाक कसं बसतं ते तिला सांगा, मुलांना हे फार आवडतं: नाकाचा साचा हलका असतो, कडेला चिकट गोंद लावून दाबायचा, मग त्याच्या कडा दिसू नयेत म्हणून वरून रंग, आणि त्यावर एक चामखीळ. माझी चामखीळ साबुदाण्याची होती. एकदा मध्यंतरात चहा पिताना ती कपात पडली आणि दुसरा अंक बिनचामखिळीचा गेला. तेव्हा सातव्या रांगेतून एक पोरगा ओरडला होता, ‘हिचा मस कुठे गेला?’ चामखीळ पडणाऱ्या चेटकिणीला फार वेळ घाबरता येत नाही.

दोनतीन दिवस हे चाललं की ती नाक मागेल. मागेल तेव्हाच द्या. मग तिला चेटकीण होऊ द्या आणि तुम्ही घाबरा. नीट घाबरा, पलंगाखाली वगैरे जा. बाबांना सांगा की भीती मोडायची तर हा रस्ता आहे. आमच्या शिबिरात नाटक बसवताना मी विचारते, परी कोण होणार? पाचसहा हात. चेटकीण कोण होणार? अख्खा वर्ग उभा, आणि सगळ्यात पुढे ते पोर जे पहिल्या दिवशी आईचा पदर सोडत नव्हतं.

आजीला एक हळूच सांगायचंय. जेवताना ‘खा नाहीतर ती चेटकीण येईल हं’ हे आता घरात नको. बागुलबुवा, झोळीवाला म्हातारा, पोलीसमामा, सगळ्यांनी आपल्याकडे घास भरवायची नोकरी केली आहे, मीही तशीच जेवले. पण जिची भीती खरोखर बसलीये तिचं नाव वरणभाताला जोडलं तर दोन्ही बिघडतात.

बाथरूमच्या बाबतीत वाद नको. सोबत जा, दिवा ठेवा. हे लाड नाहीत. बहुतेक मुलांचं काही आठवड्यांत ओसरतं. झोप उडाली, खाणं सुटलं, दिवसाही अंगाला चिकटून राहते असं लांबलं तर मग बालरोगतज्ज्ञांना दाखवा, तो माझा प्रांत नाही.

आता बाबांच्या यूट्यूबविषयी. मोबाइलवरची चेटकीण तिला कदाचित चालेलही. कारण ती बोटाएवढी असते, हातात असते, आवाज कमी करता येतो आणि नकोशी झाली तर बोटानं घालवता येते. पण त्यानं थिएटरमधली भीती जाईल हे मला पटत नाही, कारण तिथली अडचणच ही होती की काही तिच्या हातात नव्हतं. शिवाय नाटकाचं रेकॉर्डिंग हे लहान मुलांसाठी फार वाईट करमणूक असतं. कॅमेरा लांब, आवाज घुमलेला, प्रेक्षकांतली मुलं ओरडतात ते कशाला ते कळत नाही. आणि या वयाला स्क्रीनचा कोटा मुळातच लहान आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला, कमी असेल तर उत्तम. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही, आयएपीचं, दोन ते पाच वर्षांसाठी तेवढंच म्हणणं आहे. त्या एका तासात चार वेळा चेटकीण कशाला?

पण बाबांच्या बोलण्यातलं ‘चारदा’ मात्र सोडू नका, त्यात तथ्य आहे. या वयाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असते, कारण पुढे काय होणार हे माहीत असण्यातच त्यांची मजा असते. अमेरिकेत १९९६ मध्ये ‘ब्लूज क्लूज’ नावाची छोट्यांची मालिका सुरू झाली. तिच्या निर्मात्यांनी एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवला. सगळ्यांना वाटलं पोरं कंटाळतील. उलट शेवटच्या दिवसांत ती जास्त ओरडून उत्तरं द्यायची. त्या मालिकेत सूत्रधार प्रश्न विचारून कॅमेऱ्याकडे बघत चक्क गप्प बसायचा, मुलाला विचार करून बोलायला वेळ मिळावा म्हणून. हे आमच्याकडून उचललंय असं मला उगीच वाटतं.

कारण आमची सगळी करामत त्या थांबण्यातच असते. मुलगा झाडामागे लपलाय, चेटकीण त्याला शोधतेय. मुलं ओरडतात, ‘मागे! मागे!’ पहिल्या ओरडण्याला मी डावीकडे बघायचं. दुसऱ्याला उजवीकडे. मग कान खाजवायचा आणि विचारायचं, ‘कोण कोकलतंय?’ आता सगळं थिएटर उभं. तिसऱ्या वेळी वळायचं, पण तोवर मुलगा दुसऱ्या झाडामागे. यातला ‘तोवर’ रोज वेगळा असतो. दुपारच्या प्रयोगाला मुलं सुस्त असतात, मी जास्त थांबते. कधी सगळे ओरडून दमतात आणि मागून एकच बारीक आवाज येतो, उशिरा, धीर करून आलेला. त्याच्यासाठी वळायचं. तो आवाज ज्याचा होता त्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कळलेलं असतं की आपण बोललो आणि एवढी मोठी चेटकीण वळली. टीव्हीतला सूत्रधार कितीही प्रेमानं थांबला तरी त्याची घडी लावलेली असते, तो या पोरासाठी अर्धा सेकंद जास्त थांबू शकत नाही.

म्हणून म्हणते, पुन्हा न्याच. आजीच्या म्हणण्यात निम्मं खरं आहे, साडेतीन हे वय काठावरचं आहे. मला विचाराल तर दोन अंकी, धूर आणि कडकडाटवालं बालनाट्य पाचच्या पुढे. पण त्याआधीच्या दोन वर्षांत काहीच नाही असंही नको. बाहुल्यांचा खेळ बघा. य. के. पाध्यांनी घडवलेला आणि पुढे रामदास पाध्यांनी घरोघरी पोचवलेला अर्धवटराव कितीही डोळे फिरवो, शेवटी तो मांडीवर बसतो. मुलापेक्षा लहान असलेल्या गोष्टीला मूल सहसा घाबरत नाही. सोसायटीच्या गणपतीत मोठ्या मुलांनी बसवलेलं नाटुकलं तर फारच उत्तम: उजेड असतो, चेटकीण म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची ताई असते, आणि मधेच उठून पाणी पिऊन येता येतं.

ग्रिप्सचं नाव तुम्ही ऐकलं असेल. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची ही तऱ्हा मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये पुण्यात आणली. तिथे राक्षस नाही, परी नाही. मोठे नट मुलांची कामं करतात आणि विषय घरचे, शाळेचे, आईबाबांच्या भांडणाचे. भीतीचा प्रश्न नाही, पण शाळकरी मुलांसाठी आहे. शाळेतल्या भांडणांचे विनोद कळायला आधी शाळेत जावं लागतं. इटलीत बोलोन्या शहरात ला बाराक्का नावाची मंडळी १९८७ पासून तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी नाटकं करतायत. छोटे प्रयोग, मोजके प्रेक्षक, बहुतेक ठिकाणी मुलं जमिनीवर, आईबापांना टेकून. आपल्याकडे असं करायला भाडं परवडत नाही हे आमचं ठरलेलं उत्तर. पाचशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये चाळीस मुलं बसवून लाइटचं बिलही निघत नाही, हे खरंच आहे. तरी मला ते उत्तर देताना हल्ली बरं वाटत नाही.

पुढच्या वेळी तिकीट काढताना खिडकीवर किंवा फोनवर बेधडक विचारा: ब्लॅकआउट आहेत का, धूर आहे का, किती वेळाचं आहे. विचारणाऱ्या पालकावर कोणी हसत नाही; हसलं तर ते नाटक बघू नका. खुर्ची मधल्या रांगांमधली, कडेची, दाराच्या बाजूची घ्या. पहिल्या रांगेचा हट्ट मोठ्यांचा असतो. वेळ तिच्या झोपेची नको. दुपारी चारचा प्रयोग म्हणजे निम्मी बालप्रेक्षकसंख्या किरकिरी, हे आम्हाला पडद्याआडूनही ऐकू येतं. वीस मिनिटं आधी पोचा आणि दिवे चालू असताना तिला सगळं दाखवा. हा पडदा, हे दिवे, हे स्पीकर, हे बाहेरचं दार. ‘आता घंटा होईल, मग अंधार होईल, मी हात धरीन, मग पडदा उघडेल’ हे चार वाक्यांत सांगा. आणि गोष्ट आधीच्या आठवड्यात घरी शेवटासकट सांगून टाका. रहस्य फुटेल वगैरे मोठ्यांचे चोचले आहेत. चेटकीण कधी येते हे ज्या मुलाला माहीत असतं ते तिची वाट बघतं, शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगतं.

एक खूण ठरवा. तिनं दोनदा हात दाबला की बाहेर, विचारणं नाही, समजावणं नाही. बहुतेक मुलं एकदा ही खूण खरी आहे का ते तपासायला वापरतात. तेव्हा उठून बाहेर जा, पाणी प्या, पुन्हा आत यायचं का विचारा. यात वैताग येतो, माहितीय. मध्यंतरापर्यंत बसली तर खूप झालं. पुढचा अंक राहिला तर चेटकीण काही रागावत नाही.

प्रयोगानंतरचा फोटो नको. ती स्वतःहून गेली तर गोष्ट वेगळी. फोटोत आमच्या कडेवर आक्रसलेली मुलं मी शेकड्यांनी धरलीत. त्यांच्या छातीतली धडधड माझ्या हाताला लागते आणि आईबाबा समोरून म्हणत असतात, ‘हस ना गं, स्माइल.’ लांबून हात हलवणं पुरे. चेटकिणीलाही तेवढं पुरतं.

आणि एक स्वेटर न्या. एसी हॉलमध्ये हलकं मूल अर्ध्या तासात गार पडतं, कुडकुडतं, मांडीवर चढून बसतं, आणि आईला वाटतं पुन्हा घाबरली.